इंग्रजी वाक्याकडे मराठीतून पाहताना

बालभारतीचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले की सुरुवातीच्या पानांत भारतीय संविधानाची उद्देशिका दिसते. इंग्रजी पाठ्यपुस्तकात ती इंग्रजीत असते. ऐंशीहून अधिक शब्द, आणि सगळे मिळून एकच वाक्य. हे वाक्य सिम्पल, कम्पाउंड की कॉम्प्लेक्स, असे दहावीच्या वर्गात विचारले तर बहुतेक हात कॉम्प्लेक्सच्या बाजूने वर जातात. एवढे लांबलचक, भारदस्त, अर्धविरामांनी तोललेले वाक्य सिम्पल असेल असे कुणाच्या मनातही येत नाही.

पण त्या वाक्यात गौण वाक्य एकही नाही. कर्ता एकच, अगदी आरंभीचा 'वी'. त्याचे क्रियापद पार शेवटी येते: 'डू' या एका सहायक क्रियापदाखाली 'अडॉप्ट', 'एनॅक्ट' आणि 'गिव्ह' या तीन क्रिया. मधला सगळा विस्तार, म्हणजे न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांची मांडणी, 'हॅविंग रिझॉल्व्ड' या धातुसाधितावर उभी आहे. धातुसाधिताला स्वतःचा काळ नसतो, म्हणून त्याच्याभोवती कितीही शब्द जमले तरी त्यांचे स्वतंत्र वाक्य होत नाही. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत नवे शब्द आले, वाक्य आणखी लांबले, पण त्याचा प्रकार बदलला नाही. शेवटच्या तीन क्रियांना तीन वेगळी विधाने मानणारा एखादा व्याकरणकार त्याला कम्पाउंड म्हणेल. कॉम्प्लेक्स मात्र कुणीच म्हणणार नाही. मराठी उद्देशिका तर याहून सरळ आहे. तिथे निर्धार 'करून' झाला, अंगीकृत आणि अधिनियमितही 'करून' झाले, आणि काळ दाखवणारे क्रियापद एकच उरले, ते 'अर्पण करत आहोत'. निखळ केवल वाक्य.

या पुस्तकात जे सांगायचे आहे त्याचा गाभा इथेच आहे. वाक्याचा प्रकार ठरवताना शब्द मोजायचे नसतात, विधाने मोजायची असतात. वाक्यात पूर्ण विधाने किती आहेत, आणि एकाहून अधिक असतील तर ती बरोबरीने उभी आहेत की एक दुसऱ्याच्या आश्रयाला आहे, हे दोनच प्रश्न विचारायचे. पूर्ण विधान म्हणजे स्वतःचा कर्ता आणि काळ दाखवणारे क्रियापद असलेले विधान. ते एकच असेल तर वाक्य सिम्पल, म्हणजे आपले केवल वाक्य. दोन किंवा अधिक विधाने बरोबरीची असतील तर कम्पाउंड, संयुक्त. एक प्रधान आणि बाकीची त्याच्यावर अवलंबून असतील तर कॉम्प्लेक्स, मिश्र. बरोबरीची दोन आणि शिवाय एखादे गौण असा चौथा, कम्पाउंड-कॉम्प्लेक्स प्रकारही इंग्रजी व्याकरणे सांगतात. पहिले तीन नीट कळले की त्याच्यासाठी वेगळे काही शिकावे लागत नाही.

व्याख्या एवढ्यात संपते. तिचा उपयोग काय, हे कळायला मात्र प्रत्यक्ष लिहायला बसावे लागते. समजा, आपल्या गावातला नवा रस्ता दर जुलैत पाण्याखाली जातो आणि त्याबद्दल नगरपालिकेला इंग्रजीत अर्ज करायचा आहे. 'द न्यू रोड फ्लड्ज एव्हरी जुलै.' हे सिम्पल. रस्ता नवा आहे ही गोष्ट एका विशेषणात मावली; तिच्याबद्दल वेगळे विधान उरले नाही. 'द रोड इज न्यू, बट इट फ्लड्ज एव्हरी जुलै.' आता दोन विधाने झाली, दोन्ही सारख्या वजनाची, आणि त्यांच्यातला विरोध वाचणाऱ्यासमोर ठेवला गेला. 'ऑल्दो द रोड इज न्यू, इट फ्लड्ज एव्हरी जुलै.' इथे रस्त्याचे नवेपण मान्य करून बाजूला सारले आहे आणि तक्रारीला प्रधान वाक्याची जागा दिली आहे. आता हीच विधाने उलटी बसवू: 'ऑल्दो इट फ्लड्ज एव्हरी जुलै, द रोड इज न्यू.' हे वाक्य अर्जदार लिहिणार नाही, ठेकेदार लिहील. वस्तुस्थिती चारही वाक्यांत तीच आहे. बदलले आहे ते लिहिणाऱ्याचे म्हणणे: कशावर जोर द्यायचा, काय गृहीत धरायचे, काय ओझरते सांगायचे. मिश्र वाक्यातला प्रधान आणि गौण हा भेद म्हणजे लिहिणाऱ्याने केलेला महत्त्वाचा निवाडा असतो, आणि तो वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतो.

आपल्याकडे हा विषय शिकवताना नेमका हाच भाग गळतो. दहावी-बारावीच्या प्रश्नपत्रिकेतल्या 'डू ॲज डायरेक्टेड' या प्रश्नासाठी मुले रूपांतरे घोकतात. 'टू' काढा, 'सो दॅट' घाला. 'ही इज टू वीक टु वॉक' याचे 'ही इज सो वीक दॅट ही कॅनॉट वॉक' झाले, सिम्पलचे कॉम्प्लेक्स झाले, गुण मिळाला. रूपांतराचा सराव वाईट नाही, त्याने हात वळतो. पण एका वाक्याचे तीन प्रकारांत रूपांतर करता येते याचा अर्थ मुले असा घेतात की तिन्ही वाक्ये एकच, कुठलेही वापरले तरी चालते. हा समज पुढे कॉलेजात, नोकरीत, संशोधनाच्या प्रबंधात टिकून राहतो. मग इंग्रजी लिखाण निर्दोष असते आणि तरीही त्यात मुख्य मुद्दा कोणता हे सापडत नाही, कारण तो एखाद्या 'व्हिच'च्या मागे गौण वाक्यात जाऊन बसलेला असतो.

शिकवण्या आणि मार्गदर्शिका यांनी रुळवलेली दुसरी पद्धत म्हणजे खुणेचे शब्द. 'अँड', 'बट', 'ऑर', 'सो' दिसले की कम्पाउंड. 'बिकॉज', 'ऑल्दो', 'व्हेन', 'इफ', 'दॅट' दिसले की कॉम्प्लेक्स. काहीच दिसले नाही तर सिम्पल. परीक्षेत ही युक्ती बऱ्याचदा निभावून नेते, म्हणून ती टिकली. पण ती भाषेच्या बाबतीत खोटी आहे आणि ती कुठे कुठे फसते हे एकदा नीट पाहायला हवे.

'सीता अँड गीता वेन्ट टु द मार्केट' यात 'अँड' आहे, पण तो दोन नावांना जोडतो, दोन विधानांना नाही, वाक्य सिम्पल. 'ही सेड दॅट ही वॉज टायर्ड अँड दॅट ही वॉन्टेड टु गो होम' यातही 'अँड' आहे आणि तो विधानांनाच जोडतो, पण ती दोन्ही विधाने गौण आहेत, वाक्य कॉम्प्लेक्स. 'बिकॉज ऑफ द रेन, द स्कूल क्लोज्ड अर्ली' यात 'बिकॉज' दिसतो, पण 'बिकॉज ऑफ'च्या पुढे नुसते नाम आले. क्रियापद नाही, म्हणून विधान नाही, म्हणून सिम्पल. तेच 'बिकॉज इट रेन्ड' केले की कॉम्प्लेक्स. 'आफ्टर', 'बिफोर', 'सिन्स', 'अंटिल' हे शब्द दोन्हीकडे नांदतात. 'आफ्टर द मॅच, वी वेन्ट होम' आणि 'आफ्टर द मॅच एन्डेड, वी वेन्ट होम' या दोन वाक्यांत एका क्रियापदाचा फरक आहे, आणि त्या एका क्रियापदाने प्रकार बदलतो. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' यांचे प्रकरण आणखी वेगळे. अर्थाने ते 'बट' आणि 'सो' यांचे भाऊबंद वाटतात, पण इंग्रजीत ते क्रियाविशेषण आहेत, दोन वाक्ये जोडण्याचा अधिकार त्यांना नाही. म्हणून 'द रोड इज न्यू, हाउएव्हर, इट फ्लड्ज एव्हरी जुलै' हे चुकीचे ठरते. तिथे 'न्यू'च्या पुढे अर्धविराम हवा किंवा सरळ पूर्णविराम.

याच्या उलट, जिथे खुणेचा शब्दच नाही अशी मिश्र वाक्ये इंग्रजीत पावलोपावली भेटतात. 'आय थिंक ही इज राइट.' 'द फिल्म आय सॉ यस्टरडे वॉज लाँग.' पहिल्यात 'दॅट' गाळला आहे, दुसऱ्यात 'व्हिच' किंवा 'दॅट'. बोलण्यातली इंग्रजी तर असल्या गाळलेल्या जागांनी भरलेली असते. शब्द शोधणारा विद्यार्थी इथे अडतो. क्रियापद शोधणारा अडत नाही. 'थिंक' आणि 'इज', दोन क्रियापदे, दोन कर्ते. 'सॉ' आणि 'वॉज', तसेच. म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण जोडणाऱ्या शब्दांचे नसून क्रियापदांचे आहे. त्यात 'टु गो', 'गोइंग', 'गॉन' यांना 'गोज' आणि 'वेन्ट' यांच्यापासून वेगळे काढण्याचा सराव भरपूर दिला आहे. वाचक कंटाळेल इतका दिला आहे याची मला कल्पना आहे, पण या पायरीवर घाई केली तर पुढचे काहीच पक्के होत नाही.

एक क्रियापद, एक वाक्य हा विचार आपल्याला परका नाही. एक तिङन्त पद असलेले ते वाक्य, अशा आशयाची व्याख्या कात्यायनाच्या वार्तिकांत आहे, आणि ती ख्रिस्तपूर्व काळातली आहे. वाक्यांची केवल, संयुक्त, मिश्र अशी विभागणी मात्र संस्कृत परंपरेत नव्हती. मराठी व्याकरणात ती इंग्रजी व्याकरणाच्या वळणाने आली. खुद्द इंग्रजीतही ही त्रयी फार जुनी नाही. लिंड्ली मरे यांचे १७९५ मधले व्याकरण इंग्लंड-अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले, आणि त्यात वाक्यांचे प्रकार दोनच आहेत, सिम्पल आणि कम्पाउंड. दोन विधाने आली की वाक्य कम्पाउंड, मग ती 'अँड'ने जोडलेली असोत की 'इफ'ने. गौण आणि बरोबरीचे हा भेद जर्मन व्याकरणकार कार्ल फर्डिनांड बेकर यांच्या वाक्यविचारातून इंग्लंडमध्ये पोहोचला, आणि जे. डी. मॉरेल या शाळा-तपासनिसांनी १८५२ मध्ये वाक्यपृथक्करणावर लिहिलेल्या पुस्तकाने तो शाळांत रुजवला. अमेरिकेत रीड आणि केलॉग यांनी १८७७ मध्ये वाक्य रेषांच्या आकृतीत मांडण्याची पद्धत दिली. प्रधान वाक्य एका आडव्या रेषेवर, गौण वाक्य तिच्याखाली टांगलेले. ही आकृती मला आजही उपयोगी वाटते आणि पुस्तकात काही ठिकाणी ती वापरली आहे. भारतात हे सगळे आले ते नेस्फिल्ड यांच्या आणि नंतर रेन-मार्टिन यांच्या पुस्तकांमधून. यांतले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि पुढे 'बो जेस्ट' या कादंबरीमुळे जगभर वाचले गेले. आज महाराष्ट्रातला विद्यार्थी वाक्यपृथक्करणाची जी शिस्त शिकतो तिच्यावर या दोन पुस्तकांची छाप स्पष्ट आहे.

हा इतिहास इथे आणण्याचे कारण आहे. वाक्यप्रकार हे निसर्गनियम नाहीत. भाषेत दिसणाऱ्या एका खऱ्या भेदाला शिक्षकांनी दिलेली ती सोयीची नावे आहेत, आणि काठावरच्या वाक्यांबद्दल जाणत्यांतही मतभेद असतात. 'ही ओपन्ड द डोअर अँड वेन्ट आउट' हे वाक्य आपल्या परीक्षांच्या परंपरेत कम्पाउंड मानतात, कारण दुसऱ्या क्रियापदाचा कर्ता गाळलेला आहे असे धरतात. इतर अनेक व्याकरणे त्याला दोन क्रियापदांचे सिम्पल वाक्य म्हणतात. दोन्ही बाजूंना आधार आहे. परीक्षेसाठी परीक्षेची परंपरा पाळावी. पण एका शिक्षकाने कम्पाउंड म्हटले आणि इंग्लंडमध्ये छापलेल्या पुस्तकात सिम्पल आढळले, म्हणून कुणी गोंधळून जाऊ नये.

आता या पुस्तकाचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत केवल, संयुक्त, मिश्र ही नावे आहेत. म्हणून असे वाटते की मराठीतल्या केवल वाक्याचे इंग्रजीत सिम्पल वाक्य होत असावे आणि मिश्राचे कॉम्प्लेक्स. तसे होत नाही. आपल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी वाक्यरचनेतल्या बहुतेक अडचणी या एका विसंगतीतून निघतात, आणि इंग्लंड-अमेरिकेत तयार झालेली व्याकरणे त्यांच्याबद्दल काही सांगू शकत नाहीत, कारण त्यांना मराठी वाचक डोळ्यांसमोर नसतो.

मराठीजवळ क्रिया घडी घालून ठेवण्याची विलक्षण सोय आहे. 'मी घरी जाऊन, जेवून, पुस्तक वाचत पडलो' यात चार क्रिया आल्या आणि काळ दाखवणारे क्रियापद एकच, 'पडलो'. 'काल आलेला पाहुणा आज गेला' यात पाहुण्याचे येणे 'आलेला'मध्ये बसले. इंग्रजीला इथे सहसा 'द गेस्ट हू केम यस्टरडे लेफ्ट टुडे' असे म्हणावे लागते, आणि आपले केवल वाक्य तिकडे कॉम्प्लेक्स होते. 'लग्न होऊन पाच वर्षे झाली' हे चिमुकले वाक्य इंग्रजीत शब्दशः न्यायचे तर 'इट इज फाइव्ह यर्स सिन्स दे गॉट मॅरिड' अशी दोन विधाने लागतात. 'पाऊस पडून रस्ते खराब झाले' यात पडणारा वेगळा आणि खराब होणारे वेगळे, तरी 'ऊन' दोघांना सहज जोडतो. इंग्रजीतले 'इंग' हे रूप अशी मोकळीक देत नाही.

इंग्रजी 'इंग'चा नियम असा की वाक्याच्या आरंभी ते आले तर त्याची क्रिया पुढच्या कर्त्याचीच मानली जाते. मराठीत 'शाळेत जाताना मला कुत्रा चावला' हे अगदी शुद्ध आहे. शाळेत कोण जात होते याबद्दल कुणालाही शंका येत नाही. त्याच साच्यात 'वॉकिंग टु स्कूल, अ डॉग बिट मी' लिहिले की इंग्रजी वाचकाला कुत्रा शाळेत निघाल्याचे दिसते. उपाय म्हणजे गौण विधानाला त्याचा स्वतःचा कर्ता देणे: 'व्हाइल आय वॉज वॉकिंग टु स्कूल, अ डॉग बिट मी.' मराठीत एका 'ताना'वर भागलेले काम इंग्रजीत पूर्ण गौण वाक्याने करावे लागते.

दुसरी गोष्ट जोड्यांची. मराठी मिश्र वाक्य दोन्ही हातांनी धरते: जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जो-तो. दोन्ही टोके बांधलेली असली की आपल्याला वाक्य पूर्ण वाटते. इंग्रजी एकाच टोकाला गाठ मारते. म्हणून 'जरी तो आजारी होता तरी तो आला' याचे 'ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम' असे रूप आपल्या हातून उतरते, आणि 'बिकॉज'च्या वाक्यात पुढे 'सो' येतो. 'ऑल्दो'ने एक विधान गौण केले आणि 'बट'ने लगेच दोन्ही बरोबरीची केली. वाक्य धड मिश्र राहिले नाही, धड संयुक्त झाले नाही. ही चूक दुर्लक्षामुळे होत नाही, मराठीच्या उत्तम जाणिवेमुळे होते. ती दुरुस्त करताना विद्यार्थ्याला हे सांगितले पाहिजे, नुसती लाल रेघ ओढून भागत नाही.

नामवाक्यांत फरक आणखी सूक्ष्म आहे. 'ती म्हणाली की मी उद्या येते' या मराठी वाक्यात 'मी' म्हणजे तीच. मराठीतला 'की' बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे आत घेतो, सर्वनाम आणि काळ न बदलता. इंग्रजीत 'शी सेड दॅट आय विल कम टुमॉरो' असे लिहिले तर येणारी व्यक्ती बदलते; लिहिणाराच येणार आहे असा अर्थ होतो. तिथे 'शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे' हवे. असेच प्रश्नार्थक नामवाक्याचे. 'तो कुठे राहतो?' आणि 'तो कुठे राहतो मला माहीत नाही' यांत मराठी शब्दक्रम बदलत नाही. म्हणून 'आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह' असे लिहिले जाते. गौण होताच प्रश्नाची उलटापालट जाते आणि 'व्हेअर ही लिव्ज' असा साधा क्रम राहतो, हे इंग्रजीचे वळण मुद्दाम अंगी बाणवावे लागते.

विशेषणवाक्याच्या बाबतीत स्वल्पविरामांनी अर्थ बदलतो. 'माय ब्रदर हू लिव्ज इन नाशिक इज अ डॉक्टर' म्हणजे भाऊ अनेक, त्यांपैकी नाशिकचा डॉक्टर. 'हू'च्या आधी आणि 'नाशिक'च्या नंतर स्वल्पविराम दिले की भाऊ एकच, तो डॉक्टर आहे, आणि नाशिकला राहतो ही जाता जाता दिलेली माहिती. 'नाशिकला राहणारा माझा भाऊ डॉक्टर आहे' या मराठी वाक्यात हा भेद दिसत नाही, संदर्भाने तो कळतो.

स्वल्पविरामाचा विषय निघाला आहे तर त्याच्यामागचे कारणही सांगायला हवे. मराठी क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे वाक्य संपल्याची खूण क्रियापदच देते. मोडी कागदपत्रांत विरामचिन्हे नव्हती, शब्दांमध्ये अंतरही सोडत नसत, आणि तरी जाणकार ती वाचत. बखरींतले गद्य 'ऊन'च्या साखळीने चालते आणि क्रियापदावर थांबते. विरामचिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या संगतीने आली; त्यांचा प्रसार मेजर कँडी यांच्या नावाशी जोडला जातो. म्हणून आजही मराठीत स्वल्पविराम हा श्वास घेण्याच्या जागेसारखा वापरला तरी खपतो. 'पाऊस आला, आम्ही घरीच थांबलो' हे चांगले मराठी आहे. 'इट रेन्ड, वी स्टेड ॲट होम' हे मात्र शिष्ट इंग्रजीत दोषपूर्ण धरतात. दोन पूर्ण विधाने नुसत्या स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत. तिथे 'सो' हवा, अर्धविराम हवा, नाहीतर पूर्णविराम. आणि याउलट 'बिकॉज इट वॉज रेनिंग' एवढेच लिहून पूर्णविराम दिला तर गौण वाक्य प्रधानावाचून लोंबकळते. बोलताना चालते, उत्तरपत्रिकेत चालत नाही.

इंग्रजी वाक्याशी मराठीचा हा संबंध एकाच दिशेचा नव्हता, याचाही अभिमान असावा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले ते मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापून. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण आले. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जॉन्सन आणि मेकॉले यांच्या गद्याचा अभ्यास पचवून मराठीला लांब पल्ल्याची मिश्र वाक्ये पेलायला लावली. १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून मराठी वाक्याचा इतका कसून विचार केला की आजही तो ग्रंथ टाळून पुढे जाता येत नाही. या लोकांनी इंग्रजी शिकताना मराठी बाजूला ठेवली नाही. दोन्ही भाषा समोरासमोर मांडून त्यांनी दोन्ही अधिक नेमक्या केल्या. 'तर्खडकर भाषांतर पाठमाले'ने पुढच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकवले ते याच रीतीने, मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी ठेवून. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायची नाही असा आग्रह धरणाऱ्या शाळा आज वाढल्या आहेत. वाक्यरचना शिकवताना तरी हा आग्रह मुलांचे नुकसान करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. जे मूल 'आलेला पाहुणा' म्हणते त्याला 'हू केम' कुठून आले हे मराठीतूनच उमगेल.

पुस्तकाच्या वापराबद्दल थोडे. प्रकरणे क्रमाने वाचावीत; क्रियापदांचे प्रकरण ओलांडून थेट रूपांतरांकडे जाऊ नये. उदाहरणे मुद्दाम आपल्या व्यवहारातली घेतली आहेत: अर्ज, तक्रारी, मुलाखतीतली उत्तरे, प्रयोगवहीतली निरीक्षणे. सगळ्या वाक्यांची कॉम्प्लेक्स वाक्ये करण्याचा सोस कुणी धरू नये. दोन लांब मिश्र वाक्यांनंतर आलेले चार शब्दांचे सिम्पल वाक्य वाचणाऱ्याला थांबवते आणि मुद्दा त्याच्या हातात देते. चांगल्या इंग्रजी बातमीत हे रोज पाहायला मिळते. लहान वाक्य लिहिणे म्हणजे कमी शिकलेले असणे, हा न्यूनगंड मराठी माध्यमातून आलेल्या अनेकांच्या मनात असतो. त्याला काहीही आधार नाही.

रोज इंग्रजी वृत्तपत्रातला एक परिच्छेद घ्या. पेन्सिलीने काळ दाखवणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा, प्रत्येकाचा कर्ता शोधा, आणि मग कोणते विधान प्रधान आहे ते ठरवा. उत्तर पुस्तकाशी ताडून पाहण्याआधी ते का, हे स्वतःला मराठीत सांगा. आणि शिक्षकांना एक विनंती आहे. विद्यार्थ्याने वाक्याचे रूपांतर करून दिले की गुण देण्याआधी त्याला एवढे विचारा, की पहिल्या वाक्यात आणि दुसऱ्या वाक्यात जोर कुठे होता आणि कुठे गेला. त्याला उत्तर मराठीत देऊ द्या.